परतीची वायर

बुलेटचा दिवा मंद झाला की माणूस आधी बल्ब बदलतो. बल्बनं भागलं नाही की बॅटरी बदलतो. बॅटरीनं भागलं नाही की कुणीतरी सांगतं, रेक्टिफायर गेला असंल. तोही बदलतो. तोवर खिसा रिकामा होतो, आणि दिवा होता तसाच. रॉकेलच्या चिमणीसारखा.

दोस्तांनो, वायरिंग हा अंदाजाचा धंदा नाही. मोजायचा धंदा आहे. ज्यांना मोजता येतं ते सांगत नाहीत, म्हणून हे लिहितोय. तुमच्यातले कितीतरी जण जुन्या गाड्यांवर फिरतात. नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत, म्हणून कुणाची राजदूत, कुणाची येझदी, कुणाची तिसऱ्या-चौथ्या हाताची बुलेट. रात्रीच्या बैठका, अभ्यासवर्ग, कुणाच्या मयतीला, कुणाच्या बाळंतपणाला ह्याच गाड्या धावतात. त्या अंधारात बंद पडतात तेव्हा फक्त गाडी बंद पडत नाही.

मी ऑटो वायरमन. परभणीत जिंतूर रोडला पत्र्याच्या शेडखाली माझं एक टेबल, एक चार्जर आणि दोन मीटर. चाळीस वर्षं हेच करतोय. सुरुवातीला दोन वर्षं एका गॅरेजात होतो. नाव सांगत नाही. तिथं मी पार्ट धुवायचो, टायर काढायचो, झाडायचो. माझा कप वेगळा, खिळ्याला अडकवलेला. वायरिंगची गाडी आली की उस्ताद गाडीपाशी बसायचा आणि म्हणायचा, "जा रे, चहा सांगून ये." चहा सांगून येईपर्यंत वायरी जोडून, टेप गुंडाळून काम झालेलं असायचं. दोन वर्षांत मी शेकडो चहा सांगितले, एक वायर बघितली नाही.

शिकवलं ते मामानं. मामा मिलिटरीत गाड्यांच्या दुरुस्तीवर होता. रिटायर होऊन आला तेव्हा सोबत एक ट्रंक, एक पितळी हायड्रोमीटरची पेटी आणि एक टेस्ट लॅम्प. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या हातात बल्ब दिला. म्हणाला, "पहिलं बघायचं. मग मोजायचं. मग बोलायचं. उलटं करणारा मेकॅनिक नसतो, ज्योतिषी असतो."

आता मुद्द्याची गाडी.

बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. आपल्या लष्करानं ती पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. १९७० च्या सुमारास इंग्लंडातला धंदा आटोपला, मद्रासची गाडी चालू राहिली. आमच्याकडं ती मिलिटरीवाल्यांच्या, पोलिसांच्या नि पाटलांच्या बुडाखाली असायची. लांबून धुगधुग ऐकू आली की आमची माणसं रस्त्याच्या कडेला व्हायची. त्या आवाजाला एक जात होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित कॉलेज विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो हे खपलं नाही म्हणून, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. त्याच मुलखात ही गाडी बनते.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगं अशीच बुलेट ढकलत माझ्याकडं आलं. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. सहा व्होल्टची जुनी गाडी, दिव्याच्या टोपाला दोन्ही बाजूंना दोन छोटे पायलट लॅम्प, उजव्या अंगाला अँपिअर मीटर. पाच जणांनी वर्गणी काढून घेतलेली. रोज संध्याकाळी तीन वाड्यांवर जाऊन हे लेकरांचे वर्ग घ्यायचे आणि दहा-साडेदहाला परत यायचे.

"जयभीम काका. लाइटच नाही. दोन महिन्यांपासून वर्ग बंद आहेत."

मी विचारलं, कुठं दाखवली? त्यानं एका गॅरेजचं नाव घेतलं, ते इथं नको. तिथं तीन खेपा झाल्या. बल्ब नवा. बॅटरी नवी. रेक्टिफायर नवा. वर मालकानं सांगितलं, "ही गाडी तुमच्या लोकांच्या कामाची नाही. विकून टाका. दुसरं कोण घेणार? मीच घेतो." आणि जो भाव सांगितला तो भंगाराचा. जुन्या बुलेटला आज शौकीन लोक किती मोजतात हे त्याला ठाऊक होतं. पोराला ठाऊक नव्हतं.

मी पोराला चहा सांगायला पाठवलं नाही. म्हटलं, इथं बस. मीटर तू धर.

पहिला प्रश्न मीटरचा नाही, तोंडाचा. कधीपासून? गाडी जन्मापासून बिघडलेली नसते. ती चालत होती, मग थांबली. मधे काय झालं? पोरगं आठवून म्हणालं, "एप्रिलनंतर. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी सगळी गाडी खोलून रंगवली. चेसिस, फोर्क, बॅटरीचा डबा, सगळं." तीन खेपांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी ते ऐकून ठेवलं. पण ऐकलेलं म्हणजे पुरावा नव्हे. मोजायचं अजून बाकी होतं.

दुसरी गोष्ट: दिवा कुठून जेवतो ते बघायचं. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. लागला तर तो बॅटरीवर आहे. इंजिन चालू असतानाच लागत असेल आणि रेसबरोबर कमी-जास्त होत असेल, तर तो सरळ कॉइलवर आहे, बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही. जुन्या गाड्यांत दोन्ही तऱ्हा सापडतात. हे न बघता बॅटरी बदलणं म्हणजे ताप लेकराला आणि औषध शेजाऱ्याला. ह्या गाडीचा दिवा इंजिन बंद असताना लागला. म्हणजे बॅटरीवर.

तिसरी गोष्ट बॅटरी. रात्रभर चार्जरवर ठेवली. जितक्या अँपिअर-तासाची बॅटरी, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट द्यायचा, घाई करायची नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी नको. सकाळी हायड्रोमीटर घातला: तिन्ही कप्प्यांत १.२६ च्या वर. काही न लावता व्होल्ट ६.४. भरलेल्या सहा व्होल्टच्या बॅटरीचा हाच आकडा, एका कप्प्याचे साधारण २.१. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग हेडलाइट लावून परत मोजलं: ६.२. एवढं उतरणारच.

आता बल्बपाशी मोजलं. ४.६.

पोरगं बघतच राहिलं. बॅटरीवर ६.२ आणि बल्बवर ४.६. दीड व्होल्टाहून जास्त वाटेतच कुणीतरी खाल्लं. म्हटलं, हीच तुझी चोरी. आता चोर शोधायचा.

इथं जरा थांबून हिशोब समजून घ्या. पस्तीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण तीन अँपिअर ओढतो. तोच वॅट सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर ओढतो. वाटेत कुठं गंजलेला, सैल जोड असला आणि त्याचा अडथळा एक-दशांश ओहम धरला, तर सहा अँपिअरला तिथं ०.६ व्होल्ट मरतात. सहातला दहावा हिस्सा गेला. बारा व्होल्टच्या गाडीत त्याच जोडावर ०.३ मरतात, म्हणजे चाळिसावा हिस्सा. जो जोड बारा व्होल्टवाल्याला जाणवत नाही, तो सहा व्होल्टवाल्याला आंधळा करतो. त्यात बल्बची खोड अशी की व्होल्ट दहा टक्के घटले तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. ६.२ ऐवजी ४.६ मिळाले की उजेड राहतो तिसऱ्या हिश्शाच्या जरासा वर. दिवा पेटलेला दिसतो. खड्डा दिसत नाही.

चोर शोधायची रीत सोपी आहे. दिवा चालूच ठेवायचा. आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते बघायचं. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये बहुधा पॉझिटिव्ह बॉडीला असायचं, नंतरच्या गाड्यांत निगेटिव्ह. बॅटरी उलटी जोडली तर रेक्टिफायर जळतो, म्हणून हे आधी. मग मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकावर आणि दुसरा बल्बच्या करंट येणाऱ्या टोकावर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट जाण्याच्या वाटेत मेले. ह्या गाडीत आले ०.४. मग एक प्रोब बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर आणि दुसरा बल्बच्या होल्डरच्या पत्र्यावर. हे परतीच्या वाटेतले. आले १.२.

०.४ आणि १.२ मिळून १.६. चोरी पुरी सापडली. पोरानं स्वतः बेरीज केली.

सगळे जण जाणारी वायर तपासतात. कारण ती दिसते, रंगीत असते, स्विचपर्यंत जाते. परतीची वायर बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळी नसतेच. करंट बॉडीतनं परत येतो. हेडलाइटच्या टोपातून फोर्कमध्ये, फोर्कमधून हँडलच्या बेअरिंगच्या छर्ऱ्यांतून, छर्ऱ्यांच्या ग्रीसमधून चेसिसमध्ये, चेसिसमधून बॅटरीला. ग्रीस काही तांब्याची तार नव्हे. त्यात कुणी फोर्क रंगवला, चेसिस रंगवली, बोल्टाखाली रंगाचा थर बसला की परतीची वाट अडली. रंग पत्र्याला गंजापासून वाचवतो आणि करंटला अडवतो. पेंटरचा दोष नाही, त्याला दिसतो तो पत्रा. अर्थ बघणं मेकॅनिकचं काम होतं.

इलाजाला किती खर्च? दीड मीटर जाड वायर, दोन थिंबल. एक टोक हेडलाइटच्या होल्डरच्या पत्र्याला, दुसरं थेट बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. ग्रीसची भीक मागायचीच नाही. जाण्याच्या वाटेतले ०.४ सापडले डिपर स्विचमध्ये. स्विच खोलून आतले पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासले. परत मोजलं: बल्बवर ५.९. शेडच्या भिंतीवर उजेडाची कड उमटली.

आणखी एक तपासणी करून घ्या, फुकटची आहे. दिवा चालू ठेवून हँडल डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण फिरवा. दिवा लुकलुकला तर हँडलच्या मुळाशी वायर आतून तुटतेय. वरची रबर साबूत असते, आत तांब्याचा एखादाच धागा उरलेला असतो. असला धागा मीटरला फसवतो. नुसता मीटर लावला तर पुरे सहा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर काही ओढत नाही. बल्ब लावला की पडतो. म्हणून मामा म्हणायचा, "मीटरनं विचार, पर बल्बानं खात्री कर. वझं उचलून दाखवल तोच खरा."

दिवा लागला म्हणून पोरगं उठायला लागलं. म्हटलं, बस. हा उजेड माझ्या चार्जरचा आहे, तुझ्या गाडीचा नाही. गाडीनं बॅटरी भरलीच नाही तर तासाभरात, दीड तासात परत चिमणी. तेही कुठल्या रस्त्यावर? कुणाच्या शिवारात? आपल्या पोरानं रात्री अकराला परक्या गावाच्या वेशीवर बंद बुलेट घेऊन उभं राहायचं आणि कोण कुठला ते सांगत बसायचं, हे मला चालणार नव्हतं.

चार्जिंगचा पहिला साक्षीदार टोपावरचा अँपिअर मीटर. बुलेटची किक मारायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: काटा मधोमध येईपर्यंत किक सावकाश दाबायची, डिकॉम्प्रेसर ओढून जरा पुढं न्यायची, मग दणका. काटा मधोमध का येतो ते मात्र सांगत नाहीत. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन कॉइल बॅटरीतून करंट खाते, काटा उण्याकडं झुकतो. पॉइंट उघडले की खाणं थांबतं, काटा मधे येतो. काटा म्हणजे बॅटरीची जमाखर्चाची वही. गाडी चालू करून रेस केली, दिवा बंद. काटा अधिकाकडं जायला पाहिजे होता. गेला नाही. बॅटरीवर मीटर लावला, रेस वाढवली. सहा व्होल्टच्या गाडीला सातच्या आसपास चढायला पाहिजे. ६.३ वरच. जमा शून्य.

अँपिअर मीटरच आतून जळाला तर करंट अडतो, म्हणून त्याचे दोन स्क्रू वायरच्या तुकड्यानं एकमेकांना जोडून बघितलं. फरक नाही. मग उगमापाशी गेलो. बुलेटचा अल्टरनेटर डाव्या अंगाला, प्रायमरी चेनच्या झाकणात, तेलात. क्रँकच्या टोकाला लोहचुंबक फिरतो, भोवती कॉइल. झाकणातून वायरी बाहेर येतात तिथं तेलानं आणि उष्णतेनं त्यांची रबर कडक होते, तडकते. तेही बघितलं, ठीक होती. वायरी सोडवल्या आणि त्यांच्यामधे हेडलाइटचा जुना बल्ब लावला. रेस केली, बल्ब लख्ख. म्हणजे कॉइल जिवंत, चुंबक जिवंत.

चुंबक फिरला की तारेत वीज येते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं. फॅरडे लोहाराचा पोरगा. शाळा जेमतेम. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. पुढं डेव्ही नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून युरोपात गेला, तेव्हा डेव्हीच्या बायकोनं त्याला नोकरांच्या पंगतीला बसवलं. त्याच माणसाच्या शोधावर आज पाटलाचीही बुलेट चालते. पोराला हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसलं.

कॉइल ठीक, बॅटरी ठीक. मधे उरला रेक्टिफायर. कॉइलमधली वीज क्षणाक्षणाला उलटसुलट होते. बॅटरीला एकाच दिशेची लागते. रेक्टिफायर म्हणजे एकाच बाजूनं उघडणारं दार. तपासायचं असं: सगळ्या वायरी सोडवून, बॅटरी आणि बल्ब घेऊन एका दारातून करंट घालायचा. एका बाजूनं बल्ब लागला पाहिजे, उलटं केलं की विझला पाहिजे. दोन्हीकडून लागला तर शॉर्ट, दोन्हीकडून नाही लागला तर ओपन. नवा रेक्टिफायर अगदी बरोबर होता. त्याच्या आधीचा जुनाही पोराच्या पिशवीत होता, तोही बरोबर निघाला. चांगला पार्ट काढून चांगलाच पार्ट बसवला होता, पैसे घेऊन.

मग चार्जिंग का नाही? ह्या जातीच्या रेक्टिफायरचा मधला बोल्ट हेच त्याचं अर्थचं टोक. बोल्ट चेसिसच्या पट्टीवर बसतो. पट्टी रंगवलेली. बोल्टापासून बॅटरीच्या अर्थपर्यंत टेस्ट लॅम्पनं बघितलं, रस्ताच नाही. दार उघडतंय, पण दाराबाहेर भिंत. पट्टीवरचा रंग बोल्टापुरता खरवडला, चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वायसर घातलं आणि तिथूनही एक वायर बॅटरीला नेली. वर गंज नको म्हणून व्हॅसलीन. गाडी चालू केली. रेस केली. काटा मधली रेघ ओलांडून अधिकाकडं गेला. बॅटरीवर ७.१. हेडलाइट लावून रेस ठेवली, काटा मधल्या रेघेवर येऊन थांबला. जेवढा खर्च तेवढी जमा.

ह्या गाडीत फ्यूज नव्हता. बॅटरीपाशी पंधरा अँपिअरचा घातला. वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर फ्यूज जाईल, वायरिंग पेटणार नाही.

पोरानं पैसे विचारले. वायर, थिंबल, फ्यूजचे घेतले. बाकीचं म्हटलं, तू लिहून काढ. कुठं प्रोब लावला, किती आकडा आला, का आला. त्यानं वहीची तीन पानं भरली. त्या पानांचा आधार घेऊनच हे लिहिलंय.

ज्ञान लपवून धंदा करणारे आपल्याला नवे नाहीत. ते पोथीचं असो की पान्याचं. पण आपल्यातलेही काही पोरं चार कामं शिकली की टेबलाभोवती पडदा लावतात. त्यांना सांगणं आहे, पडदा काढा. शेजारी कुणाला तरी बसवा. मीटर त्याच्या हातात द्या.

आणि ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांनी एवढं सामान सीटखाली ठेवावं: एक बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि दोन चिमटे, म्हणजे झाला टेस्ट लॅम्प. एक जास्तीचा फ्यूज. दोन मीटर वायर, टेप, पक्कड, पॉलिश पेपर. दोन-तीनशे रुपयांत डिजिटल मीटर मिळतो, पाच जणांत एक घ्या. गाडी रंगवली, खोलली, वेल्डिंग केलं की आधी अर्थ बघा. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, हापशाचं नको. आणि कुणी "हे बदला" म्हणालं तर विचारा, मोजलं का? आकडा किती आला?

वर्ग जूनपासून परत सुरू झाले. परवा त्या पोराचा फोन आला. शेजारच्या वाडीवर कुणाच्या राजदूतचा दिवा मंद झाला होता, म्हणून ह्याला बोलावलं होतं.

"काका, अर्थच्या बाजूला पॉइंट नऊ पडतोय."

"मग मला कशाला विचारतोस?"

"विचारत नाही. सांगतोय."